बाहेरगावच्या माणसांचा मेल पेढीच्या सर्व्हरवरून: सांगलीतल्या नोंदी

आमची पेढी सांगलीच्या मार्केट यार्डात. हळद आणि बेदाणा. माणसं अकरा, त्यातली चौघं बाहेर: एक मुलगा ईरोडला, एक काका निजामाबादला, एक ताई मिरजेत घरून काम करतात आणि एक पोरगा विट्याहून तासगावपर्यंत फिरत असतो. मी हिशेब बघतो आणि कॉम्प्युटर बंद पडला की हाकही मलाच येते. खाली लिहिलेलं काम करताना मला नीट माहिती एका जागी मिळाली नाही, म्हणून चुकांसकट लिहून ठेवतोय. सेटिंगची नावं बोलतो तशीच लिहिलीत. फाईलमध्ये शब्दांच्या मध्ये अधोरेषा असते एवढं ध्यानात ठेवा.

३ जून २०२४, सोमवार

काम का निघालं ते आधी. मे महिन्यात इंदूरच्या एका गिऱ्हाइकाला आमच्या नावाने मेल गेला, "आमचं बँक खातं बदललं आहे, पुढची रक्कम नव्या खात्यात भरा." गिऱ्हाईक जुनं. त्याने भरण्याआधी अण्णांना, म्हणजे आमच्या थोरल्या मालकांना, फोन लावला म्हणून वाचलो. मेल आमच्या सर्व्हरवरून गेलाच नव्हता. पण त्याला आधी शंका का आली नाही? कारण आमचीच माणसं कधी स्वतःच्या फुकटच्या खात्यावरून, कधी ब्रॉडबँडवाल्याच्या सर्व्हरवरून, सुचेल तिथून मेल पाठवत होती. खरा कुठला नि बनावट कुठला, ओळखायला खूणच नव्हती.

अण्णा म्हणाले, "पेढीचा मेल पेढीतूनच गेला पायजे. मानूस कुठंबी असू दे."

सर्व्हर म्हणजे जुना डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, डेबियन १२ (लिनक्स), त्यावर पोस्टफिक्स (मेल घेणारं-पाठवणारं) आणि डव्हकॉट (आलेला मेल माणसांना दाखवणारं). २०१९ च्या पुरानंतर तो माळ्यावर गेला तो तिथेच आहे. स्थिर आयपी आहे. येणारा मेल दोन वर्षं व्यवस्थित येतोय. ऑफिसातून जातोही. बाहेरून पाठवायला गेलं की "रिले ॲक्सेस डिनाइड", म्हणजे तुमचा मेल पुढे देणार नाही.

आज फक्त आहे ते बघितलं आणि हादरलो. आधीच्या कॉम्प्युटरवाल्याने ताईंचा मेल जावा म्हणून त्यांच्या घरच्या ब्रॉडबँडचा आयपी मायनेटवर्क्समध्ये, म्हणजे पासवर्ड न विचारता विश्वास ठेवायच्या पत्त्यांच्या यादीत, घातला होता. तो आयपी रोज बदलायचा, म्हणून पुढे त्याने मागचे दोन आकडे शून्य करून अख्खा पट्टाच घातला, सोळाचा. म्हणजे ६५,५३६ पत्ते. त्या कंपनीच्या त्या पट्ट्यातलं कुणीही आमच्या सर्व्हरवरून जगात कुठेही मेल पाठवू शकत होतं, पासवर्ड न विचारता. दोन वर्षांत कुणाच्या नजरेला आलं नाही हे नशीब.

४ जून

मतमोजणीचा दिवस. यार्डात सौदे नावालाच, सगळे टीव्हीपुढे. मला शांतता मिळाली.

मायनेटवर्क्समध्ये फक्त मशीन स्वतः ठेवलं, बाकी सगळं काढलं. वीस मिनिटांत खालून हाक: "स्कॅन जाईना." स्कॅनर थेट मेल टाकतो आणि त्याच्यात पासवर्ड घालायची सोयच नाही. त्या एका स्कॅनरला राउटरमध्ये पक्का पत्ता दिला आणि तेवढाच एक पत्ता परत घातला. अख्खं ऑफिस नव्हे.

जो मेल आमच्याच पत्त्यांवर येतो तो कुणाकडूनही घ्यायचा. जो दुसरीकडे जायचाय तो फक्त ओळख पटलेल्या माणसाकडून. पोस्टफिक्समध्ये याला रिले रिस्ट्रिक्शन्स म्हणतात, आणि शेवटी रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन असलंच पाहिजे. आमच्याकडे होतं, पण वरच्या पट्ट्यापुढे त्याचं काही चालत नव्हतं.

६ जून

आजपासून खरं काम. २५ नंबरचं पोर्ट सर्व्हर-सर्व्हरच्या बोलण्यासाठी. माणसांनी मेल द्यायचा तो ५८७ वर, पासवर्डसकट आणि कूटबद्ध. शिवाय बऱ्याच इंटरनेट कंपन्या ग्राहकाकडून बाहेर जाणारं २५ बंदच ठेवतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाला २५ देऊन उपयोगही नाही.

मास्टर डॉट सीएफ या फाईलमध्ये ५८७ ची ओळ आधीपासून लिहिलेली असते, पुढे फुली-चौकोनाचं चिन्ह असतं, ते काढायचं. काढलं. पोस्टफिक्स चालू झालं, तक्रार नाही. ५८७ मात्र बंदच. राउटर बघितला, फायरवॉल बघितली, इंटरनेटवाल्याला फोन करून त्याच्याशी भांडलो. अडीच तास.

चिन्ह काढताना मी त्याच्या जागी एक मोकळी जागा सोडली होती. या फाईलमध्ये ओळ मोकळ्या जागेने सुरू झाली तर ती वरच्या ओळीचाच भाग समजतात. वाचताना दोन ओळी दिसतात, पोस्टफिक्सला एकच. मोकळी जागा खोडली, चालू.

त्याच फाईलमध्ये ओ-पर्याय (त्या पोर्टापुरती वेगळी सेटिंगं) लिहिताना बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही. मी सोडली होती. हे मात्र दहा मिनिटांत सापडलं.

५८७ खाली ठेवलेल्या गोष्टी (टीएलएस म्हणजे जोडणी कूटबद्ध करायची पद्धत, सॅसल म्हणजे पासवर्डने ओळख पटवायची): टीएलएस सिक्युरिटी लेव्हल एन्क्रिप्ट, म्हणजे कूटबद्ध झाल्याशिवाय पुढे बोलायचंच नाही. सॅसल ऑथ एनेबल येस. टीएलएस ऑथ ओन्ली येस. मेन डॉट सीएफमध्ये, म्हणजे २५ साठी, सॅसल ऑथ नो. २५ वर पासवर्ड विचारायचाच नाही. तिथे पासवर्ड घेऊन येणारा आपला नसतो.

७ जून

पासवर्ड तपासायचं काम डव्हकॉटकडे दिलं. पोस्टफिक्स त्याच्याशी एका सॉकेट फाईलमधून बोलतं. माझी चूक: सॉकेट डव्हकॉटच्या फोल्डरमध्ये ठेवलं. डेबियनमध्ये पोस्टफिक्सचे भाग स्वतःच्या स्पूल फोल्डरमध्ये कोंडलेले असतात, त्यांना बाहेरचं दिसतच नाही. म्हणून सॉकेट स्पूल, पोस्टफिक्स, प्रायव्हेट याच्या आत हवं, मालक पोस्टफिक्स, परवानगी ०६६०.

हे कळायला वेळ लागला कारण लॉगच सापडेना. मी जुन्या सवयीने मेल डॉट लॉग शोधत होतो. डेबियन १२ मध्ये ती फाईल आपोआप बनत नाही, नोंदी जर्नलमध्ये जातात, जर्नलसीटीएलने वाचायच्या. कोऱ्या फोल्डरकडे बघत अर्धा तास गेला.

८ जून, शनिवार

हाताने तपासणी. ओपनएसएसएलने ५८७ ला जोडायचं, आणि यूजरनेम-पासवर्ड बेस६४ मध्ये वळवून द्यायचे. प्रत्येक वेळी ५३५, ऑथेंटिकेशन फेल्ड. पासवर्ड तीनदा बदलला. शेवटी दिसलं की मी एको कमांडने वळवत होतो आणि ती शेवटी नवी ओळ जोडते. तीही पासवर्डात जाते. प्रिंटएफ वापरलं, पटकन २३५ आलं.

मग दुसरी गंमत. ओळख पटली, मेल फ्रॉम स्वीकारलं, आणि "आरसीपीटी टू" लिहून एंटर मारलं की काहीतरी "रीनिगोशिएटिंग" येऊन जोडणी तुटायची. सर्व्हरला दोष देत बसलो. सर्व्हर निर्दोष होता. ओपनएसएसएलच्या त्या कमांडमध्ये ओळ मोठ्या लिपीतल्या आर अक्षराने सुरू झाली की ती मेलची ओळ न समजता स्वतःसाठीचा हुकूम समजते, आणि क्यूने सुरू झाली तर सरळ बंद होते. लहान लिपीत लिहा, किंवा क्वाएट पर्याय द्या. त्यापेक्षा स्वॅक्स नावाचं साधन टाका, एका ओळीत सगळी तपासणी. मी ते नंतर टाकलं. आधी टाकलं असतं तर शनिवारची दुपार वाचली असती आणि बायकोचे बोलही.

१० जून

प्रमाणपत्र, म्हणजे समोरचा सर्व्हर खरोखर आपलाच याची खूण. आतापर्यंत सर्व्हरनेच बनवलेलं होतं, त्यामुळे प्रत्येक मेल ॲप "विश्वास ठेवायचा का" विचारायचं आणि माणसं डोळे मिटून हो म्हणायची. हीच सवय मोडायची होती. लेट्स एन्क्रिप्टचं घेतलं, फुकट, ९० दिवसांचं. मी वापरलेल्या पद्धतीत त्यासाठी ८० नंबरचं पोर्ट बाहेरून सर्व्हरपर्यंत यावं लागतं. आमचा राउटर स्वतःचं पान ८० वर दाखवत होता, तेही बाहेरच्या जगाला! ते बंद केलं, मग ८० आत वळवलं. खर्च शून्य, वेळ दीड तास.

१२ जून

पहिला खरा माणूस: ईरोडचा मुलगा. फोनवर सेटिंग सांगितलं, पासवर्ड बरोबर, आणि तरी ५५४: तुमचा पत्ता स्पॅमहाउसच्या यादीत आहे.

इथे मी सर्वांत जास्त शिकलो, म्हणून थोडं सविस्तर. २५ वर येणाऱ्या परक्यांना थोपवायला आम्ही स्पॅमहाउस या संस्थेची संशयित पत्त्यांची यादी लावली होती. त्या यादीचा एक भाग गुन्हेगारांचा नसतो. घरगुती आणि मोबाइल जोडण्यांचे पत्ते त्यात असतात, कारण तिथून कुणी थेट सर्व्हरला मेल टाकायची गरज नसते. परक्यांसाठी ही अगदी योग्य चाळण. पण आमची बाहेरची माणसं घरगुती किंवा मोबाइल जोडणीवरच बसलेली असणार! मेन डॉट सीएफमधले नियम ५८७ लाही आपोआप लागू होतात, तुम्ही वेगळं सांगेपर्यंत. पासवर्ड बरोबर असला तरी यादीची तपासणी आधी होते.

ती काढली तर ताईंना ५०४: हेलोमध्ये पूर्ण नाव हवं. त्यांचं आउटलुक सर्व्हरला नमस्कार करताना आपल्या कॉम्प्युटरचं नाव सांगतं, आणि कॉम्प्युटरचं नाव "स्वयंपाकघर-पीसी". बाहेरच्या सर्व्हरने असं नाव सांगितलं तर हाकलायलाच हवं. ताईंना का?

यार्डात प्रत्येक पेढीला दोन दारं असतात. पुढच्या दाराने शेतकरी, दलाल, नमुना बघायला आलेला कोणीही. तिथे पोतं उचकटून बघतात, तोलतात, विचारपूस होते. मागच्या दाराने आपले हमाल आणि दिवाणजी येतात. त्यांना कुणी पोतं उघडून दाखवायला सांगत नाही, पण तोंडओळख नसलेला माणूस तिथून आत येऊच शकत नाही. मी दोन्ही दारांवर एकच राखणदार उभा केला होता.

५८७ खाली क्लायंट रिस्ट्रिक्शन्स आणि हेलो रिस्ट्रिक्शन्स रिकाम्या केल्या, आणि रिले रिस्ट्रिक्शन्समध्ये दोनच शब्द: परमिट सॅसल ऑथेंटिकेटेड, मग रिजेक्ट. ईरोडहून दुपारी तीन वाजून काही मिनिटांनी पहिला मेल गेला. हळकुंडाच्या नमुन्याचा फोटो होता, तोही तिरपा.

१३ जून

निजामाबादच्या काकांचं जुनं आउटलुक पासवर्ड पुन्हा पुन्हा मागत राहिलं. दोन वेगळे दोष एकत्र. पहिला: आउटलुक लॉगिन नावाच्या पद्धतीने पासवर्ड देतं आणि डव्हकॉट मुळात फक्त प्लेन ओळखतं. ऑथ मेकॅनिझम्समध्ये "प्लेन लॉगिन" असे दोन्ही लिहिले.

दुसरा: विंडोज ७. त्यात टीएलएस १.२ असतं पण आपोआप चालू नसतं, आणि आमचा सर्व्हर १.० शी बोलत नाही. लॉगमध्ये "अनसपोर्टेड प्रोटोकॉल". सर्व्हरची पातळी खाली आणता येते, तसे सल्लेही मिळतात. एका मशीनसाठी सगळ्यांचं कुलूप ढिलं करायचं नाही असं मी ठरवलं. त्या विंडोजला थंडरबर्ड ११५ चालतं, त्याचं टीएलएस स्वतःचं असतं. ते टाकलं. काकांची तक्रार, "हे दिसायला वेगळं आहे." आहे खरं.

१५ जून

ताई हिशेबाला यार्डात आल्या, लॅपटॉप घेऊन. घरून जाणारा मेल ऑफिसात बसून जाईना! सगळे हसले, मी सोडून. आतून बाहेरच्या नावाने सर्व्हरला हाक मारली की ती राउटरपर्यंत जाते आणि राउटरला ती परत आत वळवता येत नाही. ऑफिसच्या डीएनएसमध्ये त्याच नावाला आतला पत्ता दिला. नाव एकच ठेवायचं, नाहीतर प्रमाणपत्र जुळत नाही.

२१ जून

काल रात्री फेल२बॅन लावलं, चुकीचे पासवर्ड देत राहणाऱ्या आयपीला काही काळ बंदी घालणारं साधन. ५८७ उघडल्यापासून लॉगमध्ये दर मिनिटाला अनोळखी ठिकाणांहून "ॲडमिन", "इन्फो", "टेस्ट" अशा नावांनी पासवर्ड लावून बघणं चालू आहे. फेल२बॅन आधी सुरूच होईना. तेच कारण, ते लॉगची फाईल शोधत होतं. बॅकएंड सिस्टिमडी केलं, चालू झालं. मी उत्साहाने बंदीचा काळ एक दिवस केला. पाच चुका, एक दिवस बाहेर.

आज वटपौर्णिमा. ताई अर्ध्या दिवसाच्या रजेवर, वडाला फेरे घालत होत्या. तिकडे त्यांचा जुना फोन घरात चार्जिंगला लावलेला, आणि परवा बदललेला पासवर्ड त्या फोनला कुणी सांगितलेलाच नाही. तो बिचारा दर थोड्या वेळाने जुना पासवर्ड देत राहिला आणि बंदीत गेला. इथवर ठीक. पण विट्याच्या पोराचाही मेल बंद! दोघं एकाच मोबाइल कंपनीचे, आणि मोबाइल कंपन्या पुष्कळ गिऱ्हाइकांना बाहेरून एकच आयपी देतात. एकाच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला. पोरगा बेदाण्याच्या सौद्याला तासगावात उभा, समोर खरेदीदार, आणि मेल जाईना.

आता पंधरा मिनिटांची बंदी, दहा चुकांनंतर. जे यंत्राने पासवर्ड लावत बसतात त्यांना एवढ्यानेही पुरेशी कटकट होते. आणि पासवर्ड बदलला की त्या माणसाच्या सगळ्या उपकरणांची यादी समोर घेऊन बसायचं, हे वहीत लिहून ठेवलं.

२७ जून

इंदूरच्या प्रकरणाचा खरा इलाज आज. डीएनएसमध्ये एसपीएफ: आमच्या नावाने मेल फक्त आमच्या सर्व्हरवरूनच येईल. सगळी माणसं आता सर्व्हरवरून पाठवतात, म्हणून हे म्हणता येतं. आधी म्हटलं असतं तर आमचेच मेल अडकले असते. तरी एक राहिलंच. बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवरून आमच्या नावाने मेल टाकत होतं. उणे ऑल, म्हणजे बाकी सगळे नाकारा, असं लिहिल्यावर दोन बिलं परत आली. त्यालाही ५८७ वर वेगळं खातं दिलं.

डीकेआयएमची (प्रत्येक मेलवर सर्व्हरची सही) २०४८ बिटांची चावी डीएनएसच्या पानावर चिकटवली, सही जुळेना. एका तुकड्यात २५५ पेक्षा जास्त अक्षरं बसत नाहीत, आणि त्या पानाने पुढचं न सांगता कापून टाकलं होतं. दोन अवतरणांत तुकडे करून लिहिली. डीमार्क (तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) सध्या पी नन, म्हणजे काही अडवायचं नाही, फक्त अहवाल बघायला.

उलट डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव, इंटरनेटवालाच लावू शकतो. जीमेल २०२४ च्या फेब्रुवारीपासून हे सगळ्यांकडूनच मागतं. आमच्या इंटरनेटवाल्याला नऊ दिवसांत सात फोन केले. पहिल्या तीन जणांना पीटीआर (या उलट नोंदीचं नाव) म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. चौथ्याने "नवीन राउटर घ्या" म्हणून सांगितलं.

५ जुलै

पासवर्ड बरोबर असला की माणूस मेल फ्रॉममध्ये काहीही लिहू शकत होता, हे आज सहज तपासताना दिसलं. मी स्वतःच्या खात्यातून अण्णांच्या नावाने अण्णांनाच "पगारवाढ मंजूर" असा मेल पाठवून दाखवला. अण्णा हसले नाहीत.

सेंडर लॉगिन मॅप्समध्ये कुठला पत्ता कुठल्या खात्याचा ते लिहिलं, आणि ५८७ वर रिजेक्ट सेंडर लॉगिन मिसमॅच. विक्रीचा सामाईक पत्ता तिघांना हवा होता, त्यासमोर तिघांची नावं स्वल्पविराम देऊन.

१६ जुलै

सकाळी सहाला काकांचा फोन, "मला हजार मेल परत आलेत." काकांनी आदल्या दिवशी "तुमची मेलपेटी भरली आहे" या मेलमधल्या दुव्यावर पासवर्ड दिला होता. रात्री दोनपासून त्यांच्या खात्यातून मेल बाहेर. रांगेत ४,३१२ पडून होते, गेलेले वेगळे. जीमेलने ४२१ देऊन आम्हाला थोपवायला सुरुवात केली होती.

मागच्या दारातून ओळखीचा चेहरा लावून चोर आला की आतले सगळे पहारे निकामी. यादी नाही, हेलो नाही, काही नाही.

पासवर्ड बदलला तरी मेल येतच राहिले; आधीपासून जोडून बसलेली जोडणी ओळख पटलेलीच असते. पोस्टफिक्स थांबवून सुरू केल्यावर थांबलं. मग घाईत पोस्टसुपरने सगळी रांग पुसली. सगळी. त्यात आमचे सहा खरे मेल होते, एक ईरोडच्या गाडीच्या कागदांचा. फक्त त्या एका पाठवणाऱ्याचे मेल निवडून पुसता येतात, पाच मिनिटं जास्त लागली असती. ट्रकवाला चार तास थांबून राहिला, त्याचा खर्च १,२०० रुपये पेढीने भरला.

१८ जुलै

मर्यादा. पोस्टफिक्समध्ये तयार मिळते ती आयपीमागे; परवाचा चोर चाळीसएक आयपींवरून आला होता, त्याला काही झालं नसतं. खात्यामागे मोजायला छोटा पॉलिसी सर्व्हर (मेल घ्यायचा की नाही ते पोस्टफिक्सला सांगणारा) लिहिला, पायथनमध्ये साठेक ओळी: एका खात्याला तासाला ६० पत्ते. लावला, तपासला, काहीच मोजेना. कारण मी तो परमिट सॅसल ऑथेंटिकेटेडच्या खाली लिहिला होता. नियम वरून खाली वाचतात; "परमिट" भेटलं की पुढचं कोण बघतो! वर घेतला.

दुपारी बारा वाजता बाजारभावाचा मेल एकसष्टाव्या पत्त्यावर अडला. तो रोज १४० जणांना जातो हे मीच विसरलो होतो. त्या एका खात्याला २०० ची मुभा.

२५ जुलै

कोयनेच्या पाणलोटात पाऊस, कृष्णा चढतेय, यार्डात ज्याच्या त्याच्या तोंडी आयर्विन पुलाचे फूट. ४५ फूट धोक्याची पातळी. खालची पोती वर घ्यायचं काम चालू. जुनी माणसं हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांची, आठवण काढतात, २००५ च्या पुरात त्यांत पाणी शिरलं ती.

सर्व्हर माळ्यावर सुरक्षित, पण वीज गेली तर? यूपीएसची बॅटरी मोजली: अकरा मिनिटं. येणाऱ्या मेलची चिंता नाही, समोरचा सर्व्हर सहसा काही दिवस परत परत प्रयत्न करतो. पाठवणाऱ्याची पंचाईत. बाहेरच्या चौघांना आपण सांगितलं की दुसरीकडून पाठवायचंच नाही, आणि एसपीएफने तो रस्ताही बंद केला. मुंबईतल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर तीच मांडणी उभी केली, महिना ६५० रुपये, एसपीएफमध्ये त्याचाही आयपी घातला, नाव आधीच ठरवून ठेवलं. या वेळी वापरायची पाळी आली नाही. नवी बॅटरी ९,५०० रुपये.

त्याच गडबडीत ४६५ ही उघडलं. निजामाबादच्या एका लॉजच्या वायफायवर काकांचं ५८७ चालत नव्हतं. ४६५ वर पहिल्या अक्षरापासून टीएलएस असतं, रॅपरमोड येस एवढं लिहायचं. आता नवीन माणसाला मी ४६५ च सांगतो. २०१८ पासून मेलच्या मानकातही त्यालाच पसंती आहे.

९ सप्टेंबर

गणपतीचा तिसरा दिवस, सकाळी चार फोन. मेल जातोय, पण येणाऱ्या मेलच्या वेळी "प्रमाणपत्राची मुदत संपली".

प्रमाणपत्र तर ऑगस्टमध्येच आपोआप नवं झालेलं, फाईल ताजी. पोस्टफिक्सचे भाग थोड्या थोड्या वेळाने स्वतःच मरतात आणि नवे जन्मतात, त्यामुळे त्याने नवी फाईल कधीच उचलली होती. डव्हकॉट मात्र जूनमधलंच प्रमाणपत्र हातात धरून बसलेलं, कोणी सांगेपर्यंत. ते काल संपलं. रीलोड केलं, एका सेकंदात काम झालं. चारपैकी दोघांनी तोवर "तरीही पुढे जा" दाबलं होतं. मी त्यांना काय बोलणार, चूक माझी.

सर्टबॉट (प्रमाणपत्र आपोआप नवं करणारं साधन) नवं प्रमाणपत्र घेतल्यावर जे चालवतं त्या डिप्लॉय हुकमध्ये डव्हकॉट आणि पोस्टफिक्स दोन्ही रीलोड करायची दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवली. ड्राय रनने, म्हणजे नुसत्या तालमीने, तपासली तर काहीच झालं नाही. ड्राय रनमध्ये डिप्लॉय हुक चालतच नाहीत. हाताने चालवून दोन्ही पोर्टांवर तारीख वाचली: ७ नोव्हेंबर. म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवं होईल, तेव्हा डव्हकॉटची तारीख स्वतः बघायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलंय. अण्णांनी विचारलं, "ह्ये काय, कुणाचं देणं हाय?"